‘जाड व्हायलीस गं!’ : एका घरातली तीन वजनं

पत्र :

माझं वय ३६, उंची ५ फूट १ इंच, वजन ६४ किलो. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. दुसऱ्या बाळंतपणात वाढलेलं दहा किलो वजन नंतर उतरलंच नाही. लग्नाला, हळदीकुंकवाला कुठंही गेलं की कुणीतरी म्हणतंच, “किती जाड व्हायलीस गं!” मग दुसऱ्या दिवसापासून मी भाकरी बंद करते. सकाळी मध-लिंबू, दुपारी काकडी, रात्री नुसतं दूध. आठ-दहा दिवसांत तीन किलो उतरतं, एखादा सण आला की सगळं परत. चालायला जावं वाटतं, पण मैदानावर सगळे ओळखीचे, लाज वाटते. आमचे हे ४२ वर्षांचे, ५ फूट ७ इंच, वजन ६३. दिवसभर दुकानात बसून असतात, पाच कप गोड चहा, संध्याकाळी भजी. काही म्हटलं की, “मी बारीकच आहे, मला काय धाड भरलीय?” पोट दिसतं, पण पाच वर्षांपासून पँट ३४ चीच लागते म्हणतात. सासऱ्यांना शुगर होती. मुलगी १५ वर्षांची, दहावीला, ५ फूट २ इंच, ४७ किलो. मोबाइलवर बघून बघून “मी जाड दिसायले” म्हणते आणि डबा तसाच परत आणते. माझंच वजन उतरत नाही, तिला कोणत्या तोंडानं सांगू? सुरुवात कुणापासून करू?

– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर :

ताई,

सुरुवात तिघांपासून एकदमच करता येईल, कारण मुळात तिघांची अडचण एकच आहे. वजन खरोखर किती आहे हे न बघता, ते किती ‘वाटतं’ यावर तुमच्या घरात खाणं-पिणं आणि हिंडणं-फिरणं ठरतंय. तुम्हाला जाड वाटतं म्हणून तुम्ही उपाशी राहता आणि मैदान टाळता. मिस्टरांना बारीक वाटतं म्हणून ते तपासणी टाळतात. मुलगी जेवण टाळते, आणि तिच्या वजनात तर काळजी करण्यासारखं काहीच नाही. म्हणून आधी आकडे मांडू. मग सवयी अशा बसवू, की हळदीकुंकवाला कुणी काहीही म्हटलं तरी दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक बदलणार नाही.

तुमचा आकडा आधी घेऊ. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनंच गुणायचं आणि आलेल्या उत्तरानं वजनाला भागायचं. तुमची उंची १.५५ मीटर. १.५५ गुणिले १.५५ म्हणजे २.४०. चौसष्टला त्यानं भागलं की साधारण २६.६ येतात. हा झाला बीएमआय. भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ ठीक, २३ पासून जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. युरोप-अमेरिकेत हीच रेघ ३० वर आहे. आपली रेघ खाली ओढली, कारण आपल्याकडे कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. ‘लठ्ठपणा’ हा शब्द वाचून आज रात्रीचं जेवण मात्र सोडू नका. तो तुमच्या दिसण्यावरचा शेरा नाही. कोणत्या तपासण्या करायच्या आणि किती काळजी घ्यायची, हे ठरवायला डॉक्टर तो वापरतात, तेवढाच त्याचा उपयोग.

मिस्टरांचा बीएमआय २१.८ येतो, म्हणजे अगदी ठीक. याच आकड्यानं आपल्याकडची बारीक माणसं बिनधास्त राहतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्याचा मोठा काळ या प्रश्नाला दिला. त्यांचा आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवतो, आतला हिशेब मात्र दुपटीहून वेगळा. हातपाय काटकुळे, पोटाशी चरबी आणि स्नायू कमी, अशी ठेवण आपल्या लोकांत फार आढळते. तुम्ही मिस्टरांचं जे वर्णन केलंय, ते त्याच्याशी जुळतंय.

म्हणून घरात काट्याआधी शिलाईचा टेप हवा. सकाळी काही खाण्याआधी, लघवीला जाऊन आल्यावर, सरळ उभं राहायचं. बरगडीचं सगळ्यात खालचं हाड बोटानं चाचपायचं, मग कुशीवर कमरेच्या हाडाची वरची कड चाचपायची आणि दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप गुंडाळायचा. टेप जमिनीला समांतर हवा, अंगाला लागलेला हवा, पण रुतलेला नको. पोट आत ओढायचं नाही, श्वास सहज सोडायचा आणि तेव्हाच वाचायचं. दोनदा मोजा. एक सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. बायकांची चूक बहुतेक वेळा परकराच्या नाडीवर होते. नाडी जिथं बांधतो तीच कंबर समजून मोजलं जातं, आणि वर्षानुवर्षांच्या नाडीनं तिथं खोबण पडलेली असते, त्यामुळे आकडा कमी येतो. पुरुषांची चूक पँटीवर होते. पोट पुढं आलं की पट्टा हळूहळू पोटाखाली सरकतो. ३४ ची पँट पोटाखालून बसते, म्हणून पाच वर्षं ३४ चीच राहते, आणि पोट तिच्यावरून बाहेर वाढत जातं. मिस्टरांना पँटीचा नंबर विचारू नका, टेप लावा.

बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा, पुरुषाचा ९० च्या आत. आणखी एक सोपी खूण अशी की घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. तुमच्या उंचीला साडेसत्त्याहत्तर, त्यांच्या उंचीला पंच्याऐंशी.

आता “मला काय धाड भरलीय” याला उत्तर. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूनं भारतीयांसाठी मधुमेहाच्या जोखमीची एक गुणपत्रिका केली आहे. त्यात फक्त चार गोष्टी बघतात. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, पन्नाशीपुढं ३०. पुरुषाचा घेर ९० ते ९९ असेल तर १० गुण, १०० किंवा वर असेल तर २०. बाईसाठी हेच ८० ते ८९ ला १० आणि ९० पासून २०. व्यायाम अजिबात नाही आणि कामही बैठं, तर ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली की जोखीम मोठी. मिस्टरांचा घेर समजा ९३ निघाला, तर त्यांचे २०, १०, ३० आणि १० मिळून ७० होतात. या सगळ्या गुणपत्रिकेत वजनाचा रकानाच नाही, हे त्यांना दाखवा. “तुमचं पोट सुटलंय” असं म्हणू नका. ते ऐकलं की माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो. कागद-पेन त्यांच्याच हाती द्या आणि बेरीज त्यांना करू द्या. दुकानदार माणसाला बेरीज नाकारता येत नाही.

बेरीज साठ किंवा जास्त आली की रक्त तपासायचं. किमान आठ तास उपाशी राहून केलेली साखर १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा वर आली तर दुसऱ्या तपासणीनं खात्री करायची. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ५.७ च्या आत हवी, ६.५ पासून मधुमेह. रक्तदाब आणि रक्तातल्या चरबीची तपासणीही त्याच दिवशी उरका. तिशीपुढच्या माणसांची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत बघतात, त्यामुळे “उगाच खर्च” हे कारण तिथं चालत नाही.

त्यांच्या चहाचं गणित वेगळं मांडते. पाच कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला चाळीस ते पन्नास ग्रॅम, नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीसच्या आसपास ठेवा म्हणते. एकदम बिनसाखरेचा चहा दिला तर ते शेजारच्या टपरीवर जातील. दर आठवड्याला कपामागं अर्धा चमचा कमी करा. जीभ तेवढ्या वेळात रुळते. महिन्याभरात कप तेवढेच राहून साखर निम्म्याच्या खाली येते. भजी बंद करण्यापेक्षा वार ठरवा, आठवड्यात एक. बाकी संध्याकाळी दुकानात फुटाण्याची बरणी ठेवा.

आता तुमच्याबद्दल, आणि हे जरा सविस्तर.

लोक असं समजतात की एखाद्याला ‘तू जाड आहेस’ असं टोचलं की तो सुधारतो. प्रत्यक्षात नेमकं उलट दिसलं आहे. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या चौदा हजारांहून अधिक माणसांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना स्वतःचं वजन जास्त वाटत होतं, त्यांचं वजन पुढच्या वर्षांत इतरांपेक्षा जास्त वाढलं. त्यांचं तसं वाटणं बरोबर होतं की चूक, यानं फरक पडला नाही. ताण आला की जास्त खाणं हा त्यातला एक दुवा होता. तुमच्या पत्रात हाच दुवा आहे. कुणीतरी बोलतं, जिवाला लागतं, भाकरी बंद होते, चार वाजेपर्यंत भूक अनावर होते, मग उभ्या उभ्या डब्यातला चिवडा नाहीतर शेव जाते. त्याचं वाईट वाटतं, ‘आज तर मोडलंच’ म्हणून रात्रीही जास्त जेवलं जातं. हा तुमच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे. उपाशी शरीर असंच वागतं.

आणि ते आठ-दहा दिवसांत उतरलेले तीन किलो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० उष्मांक. बैठ्या कामाच्या बाईची दिवसाची गरज १६६० उष्मांकांच्या आसपास धरतात. म्हणजे दहा दिवस तुम्ही पाण्यावर राहिलात, तरी हिशेबानं जेमतेम सव्वादोन किलो चरबी जाईल. तुम्ही तर काकडी आणि दूध घेत होता. मग तीन किलो कसले? भाकरी-भात बंद केला की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली पिठूळ साखर संपते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते लघवीवाटे जातं. मीठ कमी पोटात गेल्यानं आणखी पाणी जातं, आतडी रिकामी राहतात. थोडे स्नायूही जातात, आणि परत येताना चरबीच जास्त येते. सणाला पुरणपोळी खाल्ली की पाणी दोन दिवसांत जागेवर. तुम्ही काही बिघडवलं म्हणून वजन परत येत नाही, मुळात ते तेवढं गेलेलंच नसतं. हे एकदा नीट कळलं की काट्याची भीती बरीच कमी होते.

म्हणून पुढचे तीन महिने काटा कपाटावर ठेवा. टेप महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर. पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं आणि आकडा फसवतो.

भाकरी परत ताटात आणा. साठ ग्रॅम पिठाची मध्यम भाकरी दोनशे उष्मांकांच्या आसपास देते आणि सहा ग्रॅम प्रथिनंही. ज्वारीसारखं दमदार धान्य सोडून काकडीवर राहण्यात काहीच शहाणपण नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातून आलेल्या ‘परभणी शक्ती’ वाणात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे, मिळाली तर तीच आणा. दोन्ही वेळेला एक ते दीड भाकरी, आणि ताटाचा निम्मा भाग भाजीचा. अंबाडी, चुका, शेपू, तांदुळजा, वांगं, दोडका, जे बाजारात असेल ते. कमी पडतात ती प्रथिनं. तुम्हाला दिवसाला पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम हवीत. तीन भाकरीतून अठरा येतात, तीस ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वरणातून सहा-सात, तेवढ्याच मटकीच्या उसळीतून सात, वाटीभर दह्यातून पाच, मूठभर शेंगदाण्यांतून सात. अंडं चालत असेल तर एकात सहा. पण आपल्याकडं वरण बऱ्याचदा इतकं पातळ असतं की वाटीत डाळ शोधावी लागते. तुमच्या वाटीत तळाची डाळ घ्या. सकाळच्या सुशील्यात फक्त मुरमुरे असतात तेव्हा दोन तासांत भूक लागते. त्यात डाळव्याचं पीठ नीट घाला, वर दाणे, सोबत वाटीभर दही. मग दुपारपर्यंत पोट शांत राहतं.

तेल डब्यावरून मोजा. माणशी दिवसाला पंचवीस ग्रॅम, म्हणजे सत्तावीस मिलीलिटर धरलं, तर पाच माणसांच्या घरात पंधरा लिटरचा डबा साडेतीन महिन्यांहून जास्त पुरायला हवा. तो दोन महिन्यांत संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात दिवसाला पन्नास मिलीलिटर जातंय. जास्तीचं तेल जवळजवळ एका भाकरीएवढे उष्मांक देतं. म्हणजे तुम्ही ताटातली भाकरी काढली आणि कढईतून ती परत आली. करडईचं असो की सोयाबीनचं, उष्मांक तेच. डब्याच्या झाकणावर फोडल्याची तारीख लिहा आणि फोडणीला पळी न वापरता चमचा वापरा. येसराच्या आमटीवर तर्री हवीच असेल तर पाहुण्यांच्या दिवशी असू द्या. दाण्याच्या कुटाचंही असंच आहे. तो पौष्टिक आहे, पण दर भाजीत मूठ पडली की आकडा फुगतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारते. तुम्ही सगळ्यांचं झाल्यावर जेवता का? मिस्टर दुकान बंद करून साडेनऊला येत असतील, तोवर तुम्ही थांबत असाल, मध्ये पापडाचा तुकडा, पोरांच्या ताटातलं उरलंसुरलं, शेवटी ‘अन्न वाया नको’ म्हणून पातेल्यातलं संपवणं. बायकांच्या अंगावरचं बरंच वजन असं मोजदादीबाहेरचं असतं, आणि याबद्दल त्यांना कुणी काही विचारत नाही. आठच्या आत मुलांसोबत जेवून घ्या. मिस्टरांना वाढताना सोबत बसा, ताकाचा पेला घ्या. सासूबाईंना खटकलं तर डॉक्टरांनी वेळ सांगितली म्हणा. कुठलाही डॉक्टर हेच सांगेल. उरलेलं डब्यात भरून ठेवा. शिळी भाकरी सकाळी ताकात कुस्करून छान लागते.

उपवासावर श्रद्धा असेल तर तो जरूर करा, पण वजनाच्या खात्यात लिहू नका. पासष्ट ग्रॅम साबुदाणा, तीस ग्रॅम दाणे आणि तीन चमचे तेल, एवढ्या खिचडीचे पाचशेच्या वर उष्मांक होतात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. थोडी भगर, वाटीभर दाण्याची आमटी, ताक, एक पेरू, इतकं पुरतं.

चालण्याची लाज. वर सांगितलेल्या ‘वाटण्या’चं हे सगळ्यात महाग पडणारं रूप आहे, कारण चालण्याचे फायदे वजन तसूभरही न हलता मिळायला लागतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर त्याच दिवशी जेवणानंतरची साखर कमी चढते. नियमानं केलं तर रक्तदाब आणि झोप दोन्ही सुधारतात. ‘आधी थोडं उतरू दे, मग मैदानावर जाईन’ हा क्रमच उलटा आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं हवीत, ती अर्ध्या तासाच्या पाच फेऱ्यांत करा नाहीतर दहा मिनिटांच्या पंधरा तुकड्यांत. मैदान नको असेल तर गच्ची चालेल, गल्लीच्या शेवटचं मंदिर चालेल, पावसात घरातल्या घरात चालेल. एकटीनं निघायचं जड जातं, जावेला किंवा शेजारणीला सोबत घ्या. दोघी असल्या की बघणारे चार दिवस बघतात आणि सोडून देतात. वेग असा हवा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. साध्या स्लीपरवर चालू नका. पायाची बोटं ती पकडून ठेवतात, महिन्याभरात टाच दुखायला लागते आणि चालणं सुटतं. मागं पट्टा असलेली सँडल किंवा बूट घ्या, साडीवर बूट घातले म्हणून काही बिघडत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा सकाळी सहाच्या आसपास नाहीतर संध्याकाळी साडेसातनंतर. “दिवसभर पायावरच असते” हे खरं आहे, पण घरकामात धाप लागत नाही, म्हणून ते पुरत नाही. शेतात खुरपणीला, कापूस वेचायला जात असाल तर ते दिवस मात्र मोजा.

आठवड्यातून दोनदा स्नायूंसाठी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा ऊठबस, मिनिटभर थांबून पुन्हा दहा. मग भिंतीवर हात टेकवून दहा दंड. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवा, म्हणजे कमी वाकावं लागतं.

वजनाचं उद्दिष्ट सहा महिन्यांत तीन किलो एवढंच धरा. तुमच्या वजनाच्या पाच टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाबावर फरक दिसतो. ५४ वर परत जाणं ही अट नाही.

मुलीच्या वजनाची नाही, पण तिच्या जेवण टाळण्याची मला खरी काळजी वाटते. मोठ्यांचे बीएमआयचे कप्पे अठरा वर्षांखाली लावायचे नसतात. मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते आहेत, ते बालरोगतज्ज्ञांकडे मिळतात. तिची उंची-वजन त्यात ठीक बसतं. या वयात तिची गरज दिवसाला २४०० उष्मांकांपर्यंत असते, म्हणजे तुमच्यापेक्षा बरीच जास्त, आणि ती नेमकं दुपारचं जेवण टाकतेय. तेरा-चौदा तास शाळा, शिकवणी, अभ्यास, आणि पोटात चहा-बिस्किट. त्यात पाळीतून लोह जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं, पंधरा वर्षांच्या मुलींपासून मोजून. तिचं हिमोग्लोबिन तपासा. बाराच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. शाळेत आठवड्याला निळी लोहाची गोळी मिळते, ती ती घेते का विचारा. जेवणानंतर तासभर चहा नको, जेवताना लिंबू हवं.

“तू जाड नाहीस, बारीकच आहेस” असं तिला समजावू नका. त्यानं बोलणं पुन्हा वजनावरच येतं आणि बारीक असणं हीच मोठी गोष्ट ठरते. “दुपारी डोकं दुखतं का? शेवटच्या तासाला झोप येते का?” असं विचारा. डबा तिला ठरवू द्या. दोन लहान धपाटे, दही आणि दाण्याची चटणी, हे पंधरा मिनिटांच्या सुट्टीत संपतं. कधी कधी डबा परत येण्याचं कारण साधं असतं. भाजी सांडते, मैत्रिणी वासाला नावं ठेवतात, किंवा वेळ पुरत नाही. आधी तेही विचारून घ्या.

“कोणत्या तोंडानं सांगू” असं तुम्ही लिहिलंय. सांगण्यापेक्षा ती बघते ते जास्त आहे. तुम्ही आरशासमोर स्वतःला बोल लावता, काट्यावरून उतरून भाकरी बंद करता, हे ती रोज पाहतेय. तुमची भाकरी ताटात परत आली तर ती तेही पाहील. घरात कुणाच्याही अंगाबद्दल शेरा मारायचा नाही, हा नियम आजीसकट सगळ्यांना सांगा. भाऊ चिडवत असेल तर त्यालाही.

काही खुणा दिसल्या तर थांबू नका. सलग तीन महिने पाळी न येणं, चक्कर, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसणं, अन्न लपवून टाकणं, महिन्याला दोन-तीन किलो उतरणं, रात्री लपून उठाबशा काढणं. हा हट्ट नसतो, आजार असू शकतो, आणि लवकर दाखवलं तर बरा होतो. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारच्या टेली मानसच्या १४४१६ या नंबरावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

राहिला लग्नातला शेरा. “हो काकू, चालणं सुरू केलंय, उद्या येता का सोबत?” एवढं म्हणा आणि पुढच्या पंगतीकडं वळा. खरंच कुणी आलं तर सोबत वाढेल.

मिस्टरांना तपासणीला न्याल त्या दिवशी तुम्हीही रक्त द्या. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, आणि रक्तदाब. बाळंतपणात साखर वाढली होती का, पाळी लांबते का, हनुवटीवर केस वाढलेत का, मानेवर काळी मखमली वळी दिसते का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, वजन बघून ते सुचतंच असं नाही. कुणाला शुगरची गोळी सुरू झाली तर उपवासाच्या दिवशी ती कशी घ्यायची हे आधी विचारून घ्या, उपाशीपोटी साखर एकदम खाली जाऊ शकते. रिपोर्ट आले की तिघांचे घेर आणि आकडे लिहून पाठवा, चालू असलेल्या गोळ्यांची नावंही लिहा. पुढचं त्यावरून सांगता येईल.